शीग

रविवारी यार्ड बंद.
सिंदीच्या बाजारात त्या दिवशी काट्यावर कबुतरं चढतात
आणि सकाळी साडेसहाला, चपला बाजूला काढून,
आम्रपाली खोब्रागडे.

"देवमनकाका, घ्या न मले."
मी दुपट्ट्यानं काटा पुसतो, शून्य करतो.
एकोणतीस वर्षं मापारी आहे मी,
तूर, चणा, सोयाबीन, एकदा कोणाचं मोडकं इंजिन,
पण श्वास रोखून उभा राहणारा माल हा पहिलाच.

सत्तेचाळीस किलो तीनशे.
ती वहीत मांडते. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर
वर्ध्याच्या सरांच्या अक्षरात एकच ओळ:
रोज लागतं त्याहून तीनशे कॅलरी जास्त, फार तर साडेतीनशे.
"तीनशे म्हणजे किती वं?"
"एक भाकर न मूठभर फल्लीदाणे."
"बस? एवढ्यानं दंड भरते?"
"एवढ्यानं नाही. एवढं खाऊन लोखंड उचलल्यानं."

मी हसलो, मग हसू थांबलं.
विसाव्या वर्षी क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायचो मी,
दिवसाला साठ पोती, रात्री तीन भाकरी.
दंड भरले नाहीत, पाठ तेवढी वाकली.
खाल्लं ते सगळं पोत्यांनी नेलं,
अंगाच्या नावावर काही जमाच झालं नाही.
तेव्हा कोणी सांगितलं नाही हे.
सांगितलं असतं, तर मी विचारलं असतं:
तीनशे कोणाच्या ताटातले?

थंडीत तिची आत्या आली आर्वीहून.
"पोरगी उचलते काय न खाते काय, बाप्पा!"
पंधरा दिवस शिरा, तुपात बुडवलेले पानगे,
रात्री झोपेतून उठवून दूध.
काटा दोन किलोनं वर सरकला.
आत्यानं फाटकातच टाळ्या वाजवल्या.
लोखंड मात्र होतं तेवढंच जड राहिलं.

मला नवल वाटलं नाही.
ओलं सोयाबीन भरतंच जास्त.
आम्ही मूठभर घेतो, मशीनमध्ये टाकतो,
वजन तेच राहतं, भाव उतरतो.
पोरीला कुठली मशीन लावणार?
तिनंच पोटाची चिमट धरली दोन बोटांत
न म्हणाली, "ओलावा आहे, काका."

माझा बाप पायलीनं मापायचा.
पायली भरली की वर हातानं शीग चढवायचा,
ज्वारीचा टोकदार डोंगर, काठाच्या वर चार बोटं.
मी लहान. आणखी एक ओंजळ टाकायचो वरून.
ती घसरायची, खाली सांडायची, चिमण्या यायच्या.
बाप रागवायचा नाही. म्हणायचा,
"जेवढी थांबते तेवढीच शीग.
बाकीची जमिनीची."

हे मी आम्रपालीला सांगितलं की नाही, आठवत नाही.
आत्या गेली. भाकर एक, फल्लीदाणे मूठभर,
मूठही तिची, आत्याची नाही.
अंगावरचा ओलावा उतरायला दीड महिना गेला.
मग एका रविवारी दीडशे ग्राम.
पुढच्या रविवारी दोनशे.
एका रविवारी काहीच नाही, ताप होता,
ती काट्यावरून उतरेना, आकड्याकडे बघत उभी,
जणू बघून बघून तो हलेल.
फागुनात सरांचा निरोप आला,
बारवर दोन्हीकडं अडीच-अडीच किलो जास्त चढले म्हणून.

व्यापाऱ्याच्या मालातून कडता कापतो मी,
पोत्यामागे ठरलेला, बारदानाचा, मातीचा.
हिच्यात काय कापायचं?
केसांतली पिन? ओल्या वेणीचं पाणी?

आज ती उतरली, चपला घातल्या, पळाली,
बारावीचा पेपर होता.
काटा शून्यावर आला नाही.
चाळीस ग्रामवर अडकून राहिला.
वाकून पाहिलं तर तव्याच्या कोपऱ्यात
तिच्या खिशातून सांडलेले फल्लीदाणे.
मी ते उचलले.
कबुतरांकडे पाहिलं,
मग तोंडात टाकले.